पावडरखालचे दोन गुण

आमच्या टेमघरच्या घरात सून बाहेर निघाली की तोंडाला पावडर हवीच. राहनाळला गोदामं असलेल्यांची सून निस्तेज दिसली तर लोक काय म्हणतील! मग दवाखाना असो की हळदीचा मांडव, सासूबाई डबा घेऊन दारात उभ्या. "थोबारा बरा कर गो, डाक्टर काय म्हनंल?"

डॉक्टर काय म्हणणार? मला ल्युपस आहे, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं असा आजार, आणि माझ्या गालांवरचे लाल चट्टे बघणं हेच त्यांचं काम. दर तीन महिन्यांनी ते एक कागद भरतात. चट्टे? दोन गुण. तोंडात फोड? दोन. केस गळतात? दोन. सांधे सुजले? चार. बेरीज जेवढी मोठी, तेवढा आजार जोरात. दमणुकीला मात्र रकानाच नाही, कारण ती म्हणे मोजता येत नाही. आमच्या घरीही येत नाही. तिथं तिला आळस म्हणतात.

त्या दिवशी डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "कसं वाटतंय?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या खुर्चीतल्या सासूबाई बोलल्या, "बरी हाय. काय झालाय तिला?"

आणि मी, एम.कॉम. झालेली बाई, मुकाट मान डोलावली! आठवलं की आजही स्वतःची चीड येते. बोटं सुजून पर्सची चेन उघडत नव्हती, जिभेखाली फोड होते. पण चारचौघांत 'बरी नाही' म्हणायची आमच्यात पद्धत नाही. डॉक्टरांनी शून्य लिहिलं. "छान! आजार अ‍ॅक्टिव्ह नाही. गोळी निम्मी करू."

"म्हंजी आता कामाला लागंल," सासूबाई खूश.

मागच्या खेपेला गोळी अशीच कमी केली, तेव्हा मूत्रपिंडाला सूज येऊन मी वीस दिवस दवाखान्यात पडले होते. ते आठवलं. उठले, कोपऱ्यातल्या बेसिनवर खसाखसा तोंड धुतलं, ओढणीनं पुसलं आणि परत खुर्चीत येऊन बसले.

"बरी नाहीये मी," म्हटलं. "आता मोजा."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच नीट बघितलं. बोटं दाबली, जीभ वर करायला लावली, केसांतून हात फिरवला तर पुंजका हातात आला. बेरीज दहा झाली. गोळी निम्मी होता होता राहिली.

सासूबाईंचं तोंड उतरलं, पण दहासाठी नव्हे. जिन्यात त्या कुजबुजल्या, "आता ह्या तोंडानी रिक्षात बसशील?"

"हो," मी म्हटलं, "तुमच्या शेजारीच."