फीची पावती

ऑफिसात जानेवारीत टॅक्सच्या सवलतीसाठी पुरावे मागतात. त्या वर्षी मी विम्याच्या कागदांबरोबर शाळेच्या फीची पावतीही जोडली. तीन वर्षं फी मीच भरत होते, तरी पावती पहिल्यांदाच दिली.

मुलगी माझी नव्हती. ज्या माणसाबरोबर मी ठाकुर्लीला राहायला लागले, त्याची होती. बायको नाशिकला माहेरी निघून गेलेली, घटस्फोटाचा दावा कल्याणच्या कोर्टात पडलेला, त्यामुळे आमचं लग्न होऊ शकत नव्हतं. मग त्याला मस्कतला नोकरी मिळाली. मुलीची शाळा डोंबिवलीत. ती माझ्याजवळच राहिली. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. मला मावशी म्हणायची.

चार दिवसांनी अकाउंट्सच्या माणसाने टेबलापाशी येऊन विचारलं, "मॅडम, ही मुलगी कोण? आडनाव वेगळं आहे."

"माझ्याकडे असते."

"दत्तक घेतलीय का?"

"नाही."

आजूबाजूचे कीबोर्ड थांबले. ऑफिसात सगळ्यांना मी एकटी राहते असंच वाटत होतं. मीही कधी काही सांगितलं नव्हतं. तो ओशाळला. "कुणा जाणकाराला विचारून घ्या," म्हणाला आणि पावती माझ्या हातात ठेवून गेला.

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ एक वयस्कर कर सल्लागार बसायचे. त्यांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"वडिलांशी तुमचं लग्न झालेलं असतं, तर सावत्र मूल म्हणून चाललं असतं. कायद्यात तशी सोय आहे. आज मात्र तुमचं तिच्याशी काहीच नातं धरता येत नाही. पावती देऊ नका."

"मी तिला सांभाळते, काका."

"ते दिसतंय मला. पण ते लिहायला फॉर्ममध्ये जागा नाही."

त्यांनी फी घेतली नाही. जिना उतरताना मला 'सावत्र' या शब्दाचा हेवा वाटला. लहानपणापासून तो शब्द वाईटच ऐकलेला. मला तेवढंही मिळत नव्हतं.

संध्याकाळी मस्कतला फोन केला. तो म्हणाला, "अगं, किती वाचणार होते असे? सोडून दे ना." मी बरं म्हटलं. मला पैशांचं बोलायचं नव्हतं, पण कशाचं बोलायचं होतं तेही मला नीट सांगता आलं नाही. मुलगी समोर भूगोलाचे नकाशे रंगवत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मावशी, तुला ओरडले का ऑफिसात?"

"नाही गं."

"मग रडतेस कशाला?" असं म्हणून तिने टीव्हीचा आवाज वाढवला, म्हणजे मला रडता यावं.

पुढच्या वर्षी दाव्याचा निकाल जवळ आला. मुलगी कुणाकडे राहणार हे ठरवायला न्यायाधीशांनी तिला आत बोलावलं. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला सुट्टी काढून आलेला बाप. मी बाहेरच्या बाकावर बसले. माझं नाव पुकारायचं काही कारणच नव्हतं. बाहेर आली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं नाही. आधी पाणी प्यायली, मग म्हणाली, "मी आईकडे जाते म्हटलं. ती पण एकटी पडलीय ना गं." तिला रागवावं असं त्यात काहीच नव्हतं. मी तिची वेणी सरळ केली.

दहावी झाल्यावर ती गेली. घटस्फोट झाल्यावर बाप मस्कतला परतला होता. आता लग्न करू या म्हणतो, आणि मी दर वेळी तारीख पुढे ढकलते. का, ते मलाही कळत नाही.

ती नाशिकला रमली आहे. रविवारी दुपारी फोन करते. कॉलेजचं, मैत्रिणींचं भरभरून सांगते. मी हूं हूं करत ऐकते. मागून तिची आई जेवायला हाक मारते, आणि ती घाईघाईने म्हणते, "ठेवते हं मावशी."