गवतातले सापळे आणि मावशीवरचा गुन्हा

वर्ध्याच्या एका कॉलेजात मी फिजिक्सच्या लॅबमध्ये शिकवत होते, त्या वर्षांतली गोष्ट. माझी मावशी हिंगणीला राहायची. बोरच्या जंगलातून सरपण घेऊन परतताना दिवेलागणीला तिचा पाय लोखंडी सापळ्यात अडकला. रानडुकरांसाठी कुणीतरी लावलेला, गवतासारखा हिरवा रंगवलेला. घोटा मोडला. वनखात्याचा गार्ड जाऊन आला आणि म्हणाला, सापळा वगैरे काही नाही, बाई दगडावर पडली असेल.

मला फार राग आला. लॅबमध्ये पोलरॉइडचे, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा उजेड आरपार सोडणाऱ्या काळसर फिल्मचे, तुकडे होते. ते डोळ्यासमोर फिरवले की काचेवरची चकाकी मिटते, हे मी दरवर्षी मुलांना दाखवायचे. रंगवलेलं लोखंडही तसंच गुळगुळीत, त्याचीही चकाकी मिटणार. गवताचा उजेड इतका बदलत नाही. मी कॅमेरा मागून आणला आणि मावसाजींना घेऊन त्या पायवाटेवर गेले. वारा पडला की कॅमेरा स्टँडवर ठेवायचा आणि एकाच जागेचे दोन फोटो घ्यायचे, एक पोलरॉइड उभं धरून, एक आडवं. उजेड इतका कमी की शटर अर्धा मिनिट उघडं ठेवावं लागे. अशा पाच संध्याकाळी गेल्या.

डार्करूममध्ये एका फोटोची पॉझिटिव्ह, म्हणजे निगेटिव्हच्या उलट उजेड-अंधाराची, फिल्म करून दुसऱ्याच्या निगेटिव्हवर बसवली. दोन्हींत जे सारखं होतं ते पुसून गेलं. गवत गेलं, झुडपं गेली. मागे उरले दोन ठिकाणचे काळे वाकडे दात. सकाळी मावसाजींनी तिथे काठी घातली, तर सापळे कडकन मिटले.

मी फोटो घेऊन वनखात्याच्या कचेरीत गेले. साहेबांनी कौतुक केलं, चहा पाजला, नेमकी जागा विचारली. मी नकाशावर फुल्या मारून दिल्या. तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे लपवत नाही.

पंधरवड्याने नोटीस आली, ती मावशीच्या नावाने. मी दाखवलेली जागा राखीव जंगलात होती आणि तिथून विनापरवाना लाकूड आणल्याचा तिच्यावर गुन्हा होता. सापळ्यांचा मालक अज्ञात. तसाच हिरवा रंग गावात कुणाच्या गोठ्याच्या दाराला होता ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि गार्ड त्याच घराच्या ओट्यावर बसायचा. मी कचेरीत जाऊन हे सांगितलं. साहेब म्हणाले, "तुमच्या फोटोत माणूस कुठं आहे?"

मावशी चिडली नाही. एवढंच म्हणाली, "पाय गेलता, थे सोसलं असतं. आता चोर झाली मी. थे जागा दाखवाले तुले कोनं सांगतलं होतं?"

दोन वर्षं ती काठी टेकत एसटीने वर्ध्याला तारखांना येत राहिली. प्रत्येक वेळी मी कोर्टाबाहेर उभी असायचे. शेवटी कंटाळून तिने गुन्हा कबूल केला. कागदावर अंगठा देताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.