थिजलेलं खोबरेल

डिसेंबरअखेर ऊन आमच्या खिडकीतून थेट पलंगापर्यंत येतं. एरवी ते कट्ट्यावरूनच परत फिरतं. थंडीने थिजलेली खोबरेलाची बाटली आई रोज सकाळी त्या उन्हात ठेवते. तेल वितळलं की ती नानांच्या भेगाळलेल्या तळव्यांना चोळायची. नाना, माझे वडील, यंदाच्या पावसाळ्यात गेले. बाटली मात्र अजूनही रोज उन्हात असते. तेल वितळतं, त्याला कुणी हात लावत नाही, आणि दिवेलागणीला ते पुन्हा थिजून पांढरं होतं.

काल तिला जरा बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "आई, आता दिवस तीळतीळ मोठा होत जाईल."

"आहे एवढाच सरत नाही रे," ती म्हणाली, आणि उन्हामागोमाग बाटली थोडी पुढे सरकवली.