बापूची सर

नेहमीच्या गोलकीपरचा गुडघा दुखावला, म्हणून आज आमच्या पेठेनं बदली गोलकीपर उतरवला. त्यानं पहिला गोल खाल्ला आणि पायऱ्यांवर माझ्या शेजारी बसलेले तात्या ओरडले, "चाळण हाय नुसती! बापू असता तर झोपून अडिवला असता. बापूची सर न्हाई कुणाला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे गोलकीपर चांगला ठरतो तो गेल्यावरच. बापूही बदली म्हणूनच आला होता. एक फायनल हरल्यावर त्यानं हातमोजे काढले ते कायमचे, आणि मरेपर्यंत मैदानाच्या रस्त्यानं गेला नाही.

खाली नवा गोलकीपर मान खाली घालून जाळीतला चेंडू काढत होता. "चाळण! चाळण!" आरोळी वाढत गेली. हा शब्द या पायऱ्यांवरून पहिल्यांदा मीच ओरडलो होतो, बापूला.