दुपारच्या सेशनला नऊ डॉक्टर

मी डॉक्टर नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिलाच. डॉक्टरांच्या शिक्षणाबद्दल मी लिहावं, हे माझं मलाच बरं वाटत नाही. वाचणाऱ्यांनी माफ करावं. पण त्या दिवशी हॉलच्या दारात बॅज स्कॅन करायचं मशीन माझ्या हातात होतं, म्हणून लिहितो.

नांदेडच्या एका हॉटेलात फिजिशियन डॉक्टरांची सीएमई होती, म्हणजे पुढच्या शिक्षणाचा कार्यक्रम. फिजिशियन म्हणजे ऑपरेशन न करणारे. ताप, शुगर, बीपी, दमा बघणारे. डिग्री मिळाली तरी त्यांना शिकत राहावं लागतं. अशा कार्यक्रमांना बसलं की पॉइंट्स मिळतात. ठराविक पॉइंट्स झाले नाहीत तर रजिस्ट्रेशन रिन्यू करताना अडचण येते. प्रत्येकाच्या गळ्यात बॅज असतो. आत जाताना एक स्कॅन, बाहेर पडताना एक. दोन्ही असले की डॉक्टर सेशनला बसले असं धरतात. मी सुट्टीच्या दिवशी एका इव्हेंटवाल्याकडे हे स्कॅनिंगचं काम करतो.

जेवणं उरकली होती. आमच्या हदगावकडचे डॉक्टरसाहेब माझ्यासमोर थांबले. आजूबाजूच्या खेड्यांचा त्यांच्यावर भरवसा आहे. माझ्या वडिलांचा दमा तेच बघतात.

"तू तात्याचा ना रे? इथं शिकून राहिलास व्हय?"

"हाव साहेब."

त्यांनी गळ्यातला बॅज काढून माझ्या हातात दिला. "दुपारची दोन्ही सेशनला स्कॅन मारून टाक. दवाखान्यात पेशंट बसून आहेत, मला निघावं लागतं."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या दवाखान्यात पेशंट बसूनच असतात. त्यांचं बघून आणखी कुणी चार बॅज एकत्र गुंडाळून टेबलावर ठेवले. मग एकेक करत ढीगच झाला.

मी आमच्या इव्हेंटवाल्या सचिनभाऊंना विचारलं, "भाऊ, हे चालतं का?"

"तू मेडिकल कौन्सिलचा अध्यक्ष हायस का? मार की गुमान. सगळीकडं असंच आसतंय."

मी मारले. खरं सांगायचं तर साहेबांनी आपल्याला ओळखलं, काम सांगितलं, याचं मला बरंही वाटलं.

पहिलं सेशन लातूरहून आलेल्या एका मॅडमचं होतं. विषय होता न उतरणारा ताप. मी दार लावून आतच उभा राहिलो. मॅडम निम्मं इंग्रजीत, निम्मं मराठीत बोलत होत्या. स्क्रब टायफस नावाचा आजार. गवतात, झुडपात बारीक किडा असतो, त्याच्या चावण्यातून होतो. टायफॉईडसारखाच वाटतो, पण टायफॉईडचं औषध त्याला लागू पडत नाही. वेळेवर ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. पडद्यावर एक फोटो आला. विडीचा चटका बसावा तशी काळी खपली.

"ही दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट सांगत नाही," मॅडम म्हणाल्या. "काखेत असते, कमरेला असते. बायका तर नाहीच सांगत. तुम्हीच शोधा. सापडेलच असं नाही, पण शोधल्याशिवाय सापडणार नाही."

मी ते वहीत लिहून घेतलं.

सेशन संपल्यावर मॅडम दाराशी थांबल्या. टेबलावरच्या बॅजच्या ढिगाकडे बघून त्यांनी विचारलं, "आत किती जण होते रे?"

"नऊ, मॅडम."

"आणि तुझ्या मशीनमध्ये?"

मी मशीन पुढे केलं. त्यावर एकसष्ट होते. मॅडम पर्स उचलून गाडीकडे गेल्या.

पंधरा-वीस दिवसांनी मी गावी गेलो. शेजारच्या रुक्मिणकाकू अंथरुणावर होत्या. काकू मला लहानपणापासून कलेक्टर म्हणतात. त्या दिवशीही म्हणाल्या, "आलास का कलेक्टर? बस," आणि डोळे मिटून घेतले. ताप सहा दिवसांचा होता. डॉक्टरसाहेबांचं टायफॉईडचं औषध चालू होतं, सलाईन झाली होती. आधी आठवडाभर काकू बांधाचं गवत कापत होत्या.

मला वही आठवली. मी आईला हळूच विचारलं, काकूंच्या अंगावर कुठं काळी खपली आहे का.

"हाय की," आई म्हणाली. "कमरेला, निऱ्या खोवतात तिथं. तुला रे काय करायचं?"

काकूंचा मुलगा ज्ञानोबा औषध आणायला हदगावला निघाला होता. मी त्याच्या गाडीवर बसलो. डॉक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये चार-पाच पेशंट उभेच होते.

"साहेब, काकूंच्या कमरेला काळी खपली हाय. ते एकदा बघता का?"

"साडीच्या गाठीनं काचलं असेल. रिपोर्ट टायफॉईडचा आहे." मग त्यांनी मान वर केली. "खपलीचं तुला कुणी सांगितलं?"

उत्तर सोपं होतं. साहेब, तुमच्याच सीएमईत सांगितलं. तुम्ही निघून गेलात, तुमचा बॅज मी मारला. पण एवढ्या लोकांत ते तोंडातून निघेना.

"असंच... वाचलं होतं."

"गूगलवर? बी.ए. ना तू? मग इतिहास वाच." सगळे हसले. मीही हसलो.

परत येताना ज्ञानोबाला म्हणालो, "काकूंना नांदेडला दाखवू."

"डॉक्टर तू का ते?" तो म्हणाला. "त्यांनी माझ्या बापाला मरणाच्या दारातून आणलंय."

ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी माझी टेस्ट होती. मी नांदेडला परतलो.

यातून शिकण्यासारखं असलंच तर एवढंच, की ऐकलेलं सांगायला डिग्री लागत नाही. पण कुठं ऐकलं, तेही सांगावं लागतं. मी अर्धंच सांगितलं.

चार दिवसांनी वर्गात असताना आईचा फोन आला. काकूंना श्वास लागला म्हणून रात्रीच नांदेडला हलवलं होतं. मला कुणी कळवलं नव्हतं.

"तिथल्या डॉक्टरनं आल्या आल्या कमर बघितली म्हणं," आई म्हणाली. "खपली बघून लई वरडला. गोळ्या बी दिल्या. पण उशीर झाला होता, बाबा. सकाळी गेली रुक्मिण."