आर्वीच्या दुकानातला फोटो

विमलकाकूंचा फोन आला तेव्हा बबनकाकांचंच काम माझ्यासमोर उघडं होतं. "मॅडम, हे गेले... काल दुपारी, दुकानात बसल्या बसल्या," एवढंच त्या बोलल्या. स्क्रीनवर काकांनी वेबसाइटसाठी बनवलेलं कार्ड. वर फोटोची रिकामी चौकट, चौकटीत त्यांनीच लिहिलेले शब्द, 'आत्ता येतो, बसा', आणि खाली त्यांचं नाव. मी घाईनं लॅपटॉप मिटला. भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

आर्वीला त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. साठी उलटल्यावर दुकानाची वेबसाइट आपल्याच हातानं करायची हुक्की त्यांना आली आणि दर गुरुवारी एसटीनं ते सिंदी मेघेतल्या माझ्या क्लासला येऊ लागले. एचटीएमएल-सीएसएस, म्हणजे वेबसाइट लिहायची भाषा, शिकणाऱ्याला मी पहिलं काम देते ते कार्डाचं. एक फोटो, नाव, दोन ओळी माहिती, एक बटण. चूक दिसली की माझी जीभ काही आवरत नाही. काकांची अक्षरं कडेला चिकटलेली, बटण लालभडक, आणि कार्डाची सावली चक्क वरच्या बाजूला. "काका, उजेड वरून येतो, सावली खाली पडते," मी म्हटलं. "आमच्या दुकानात बलब खाली राह्यते मॅडम, मशीनीपाशी. सावली वरच चढते," ते शांतपणे म्हणाले. बाकी सगळं त्यांनी सुधारलं, सावली मात्र होती तशीच ठेवली.

गाडं अडलं ते फोटोपाशी. फाइल ते घरून मेलवर पाठवायचे, आणि माझ्याकडे चौकट रिकामी. "मले तं दिसून राह्यला," त्यांचं म्हणणं. मी तीनदा समजावलं, की फोटोचा पत्ता तुम्ही तुमच्याच लॅपटॉपमधला दिलाय, माझ्या लॅपटॉपला तो सापडणार कसा? तिसऱ्या वेळी वैतागून म्हटलं, फोटो नाही तर नाही, निदान त्या जागी काय वाचायला मिळावं ते तरी लिहा. काकांनी शटरवर टांगायच्या पाटीवरचे शब्द तिथे घातले आणि मेलमध्ये विचारलं, "आता दिसलो का?" मी उत्तर दिलं नाही. आज बघू, उद्या बघू करत पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी उत्तर लिहायला बसले, आणि फोन वाजला...

तीन आठवड्यांनी आर्वीला गेले. मनात एकच, निदान आता तरी तो पत्ता दुरुस्त करावा, कार्ड पुरं करून वेबसाइटवर चढवावं. भर दुपारी शटर अर्धं ओढलेलं. आत मशीनीजवळचा बलब लागला होता आणि काकूंची सावली छतापर्यंत चढली होती. काकांचा लॅपटॉप मशीनीशेजारी उघडाच. मी फाइल उघडली. या एकाच लॅपटॉपवर तो पत्ता बरोबर होता, त्यामुळे चौकट पहिल्यांदा भरलेली दिसली. चष्मा कपाळावर चढवून काका सरळ दाराकडे बघत होते, आत आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसे.

काकूंनी दोन कप आणले. एक मला दिला, दुसरा लॅपटॉपपुढे ठेवला, आणि स्वतः स्टुलावर बसल्या. मी त्यांना सांगितलं, दोन मिनिटांचं काम आहे, मग काका सगळ्यांच्या फोनवर दिसतील.

"मंग इथून जातीन का हे?"

"नाही काकू, इथंही राहतील."

"पक्कं?"

एरवी हे वर्गात मी डोळे मिटून सांगते. त्या दुकानात मात्र मी कीबोर्डवरचा हात मागे घेतला. चुकीचा पत्ता मी होता तसाच राहू दिला. मग स्क्रीनकडे बघून, फार उशिरा, म्हटलं, "दिसलात, काका." म्हणताना रडू आलं. उठता उठता सवयीनं लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, तर काकूंनी तो हळूच धरला.

"राहू द्या मॅडम. यांचा चहा व्हाचा आहे अजून."