मिळण्याआधीचे आभार

याकोबमामा गेल्याचं शाळेच्या शिपायाने वर्गाच्या दारात येऊन सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "नक्की ना?" शिपाई बिचारा गोंधळला. मरणाची बातमी आणणाऱ्याला असं कोणी विचारत नाही. पण याकोबमामांचा जावई म्हणून काही वर्षं काढलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात खरी मानायची सवय उरत नाही. घरी पोचलो तर बातमी खरी होती. दुपारी जेवून ते खाटेवर आडवे झाले होते. करुणा, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी आणि माझी बायको, आत भांडी आवरत होती. ताक हवं का असं विचारायला ती बाहेर आली, तेव्हा उत्तर द्यायला ते नव्हते… त्याला आता महिना उलटून गेला.

मामा पनवेलच्या जकातनाक्यावर नाकेदार होते. पळस्प्याकडून येणाऱ्या बैलगाड्या आणि मालमोटारी त्यांच्यासमोर थांबायच्या आणि हातात लोखंडी सळई घेऊन मामा गोणीत, कडब्यात, गवताच्या भाऱ्यात ती खुपसून बघायचे. गाडीवान नुसते हसून "रामराम" म्हणाले की मामा सळई जास्त खोल घालीत. गोड बोलतोय म्हणजे खाली काहीतरी दडवलंय, हा त्यांचा सिद्धांत होता आणि तो त्यांनी नाक्यापुरता ठेवला नव्हता. दूधवाला, वाणी, डॉक्टर, पाहुणे, कोणी सुटत नसे. चर्चमध्ये प्रार्थनेला सगळे डोळे मिटत, मामा उघडे ठेवीत. हे मला कसं कळलं असं कोणी विचारील. माझेही उघडे असत, करुणा पलीकडच्या रांगेत बसायची म्हणून. एकदा मामांची आणि माझी नजरानजर झाली आणि त्या दिवसापासून त्यांनी मला सोडलं नाही.

त्यांच्या संशयाला एक जुनं कारण होतं. करुणाची आई, सगुणाबाई, विषमज्वराने आजारी पडल्या तेव्हा करुणा लहान होती. आमच्या चर्चच्या मंडळीत एक रीत आहे. देवाकडे काही मागायचं आणि ते मिळालंच असं धरून आधीच आभार मानायचे. विश्वास पक्का असल्याची ती खूण. त्या वेळच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, रविवारी उपकारस्तुती ठेवली. "आमच्या बहिणीला तू बरं केलंस" असं म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवून गायन केलं. मामाही गायले, मंडळीला चहा दिला. दोन दिवसांनी सगुणाबाई गेल्या. पुढे मामा मुलीसाठी चर्चला येत राहिले, पण देवाशी बोलणं त्यांनी टाकलं ते टाकलंच. त्या रविवारचा विषय निघाला की एवढंच म्हणायचे, "माल न बघता पावती फाडली मी."

अशा माणसाच्या मुलीला मी मागणी घातली. मी मिशनच्या शाळेत नवा मास्तर, आवाज बरा, आणि प्रार्थना लांबलचक करण्यात माझा हात धरणारा पनवेलात कोणी नव्हता. मामांच्या दृष्टीने याहून वाईट शिफारस दुसरी नसेल. नव्या पाळकसाहेबांमार्फत निरोप गेला, त्यावर उत्तर आलं, "लेंत जाऊ दे." लेंत म्हणजे ईस्टरच्या आधीचा आमचा उपवासकाळ. या दिवसांत लग्नं होत नाहीत, घरोघरी आळीपाळीने प्रार्थना होतात. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, नुसतं जाऊ दे. ताकास तूर लागू दिली नाही. करुणा मात्र धास्तावली होती. बाबांनी नाही म्हटलं तर त्यांना एकटं टाकून मी येणार नाही, हे तिने मला स्वच्छ सांगितलं होतं. माझा सगळा संसार त्या एका माणसाच्या भुवईवर अडकला होता.

आणि त्या वर्षी मामांनी स्वतःहून सांगितलं की एक प्रार्थना आमच्या घरीही होऊ दे. मंडळीला आनंद झाला. मला मात्र शंका आली की हा नाका माझ्यासाठी लावलाय. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली होती, कंदील खुंटीला होता, उकाडा होता. गायन झालं, वाचन झालं आणि पाळकसाहेबांनी भल्या मनाने मला प्रार्थना करायला सांगितलं. मी सुरू झालो. चांगला रंग चढला होता. शेवटाकडे येता येता सवयीने बोलून गेलो, "या घरात तू जे मंगल कार्य घडवून आणणार आहेस, त्याबद्दल आम्ही आताच तुझे उपकार मानतो…"

"थांबा, मास्तर," मामा म्हणाले. "मिळालं नाही त्याचे आभार माझ्या घरात कोणी मानायचे नाहीत."

प्रार्थना अर्ध्यावर तोडलेली मी तोवर पाहिली नव्हती. सगळ्यांचे डोळे उघडले. करुणा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिचा चेहरा उतरला. संपलं सगळं, असं मला वाटलं. पाळकसाहेब काहीतरी समजुतीचं बोलू लागले, तर मामांनी त्यांनाही हाताने थांबवलं, आणि इतक्या वर्षांत ज्यांनी प्रार्थनेचा एक शब्द उच्चारला नव्हता ते वर आढ्याकडे बघून बोलायला लागले.

"देवा, माझा तुझ्यावर भरवसा नाही. तुला ते ठाऊक असणारच. बायको नेलीस, त्याची मला ओरड करायची नाही, माणसं मरतात. पण आम्ही आभार मानत होतो तेव्हा तू गप्प का बसलास, एवढं सांग. आता मुलगी मागायला आलाय एक. गोड बोलतो. मला ओळखता येत नाही… मी विचारत राहीन. तू सांगेपर्यंत विचारत राहीन."

आमेन त्यांनी म्हटलंच नाही. मंडळी चहा न घेता उठली.

खरं सांगायचं तर हे सगळं मला नाटक वाटलं. सरळ नाही म्हणायचं सोडून हा म्हातारा देवाला मध्ये घालतोय, असं मी मनाशी धरलं. पण पुढच्याच आठवड्यात ओवे गावाहून म्हावरं घेऊन येणारी मासेवाली सोनूबाई शाळेच्या फाटकाशी मला थांबवून विचारू लागली, "मास्तर, तुमचं नाकेदार पाटच्या पारी कोनाशी भांडतात? घरात तं पोरीबिगर कोनी नाय." मग करुणाकडून कळलं. मामा रोज पहाटे मागच्या पडवीत जाऊन बसायचे आणि देवाशी बोलायचे. प्रार्थना म्हणण्यासारखं त्यात काही नसे. पहिले काही दिवस नुसती उलटतपासणी चालली, नाक्यावर चालायची तशी. सगुणाबाईंच्या आजाराची एकेक गोष्ट काढायची आणि हे का, ते का. आतापर्यंत लेंतात उपास न करणारा हा माणूस पडवीतून उठेपर्यंत पाण्याचा घोट घेईना. करुणाला वाटे, बाबांचं डोकं फिरतंय. मला वाटे, मला कंटाळवून पळवून लावायची ही युक्ती आहे. हळूहळू बोलणं कमी झालं. ते एक प्रश्न विचारायचे आणि उत्तरासाठी कान देऊन बसायचे. येशू क्रुसावर मेला त्या उत्तम शुक्रवारच्या सुमाराला तर पडवीतून आवाजच येईना. करुणाने घाबरून डोकावून पाहिलं, तर मामा भिंतीला टेकून रडत होते आणि तोंडाने म्हणत होते, "तूही तिथंच होतास होय…" त्याचा अर्थ तिने विचारला नाही आणि मामांनीही कधी सांगितला नाही.

ईस्टर झाल्यावर ते माझ्या खोलीवर आले. पाणीही न घेता म्हणाले, "करुणाला विचारलं, ती हो म्हणते. माझी ना नाही. मात्र माझ्या घरात देवाशी खोटं बोलायचं नाही. खरं बोलता येत नसेल तर गप्प बसायचं." मी बरं म्हटलं. देवाने तुम्हाला माझ्याबद्दल काय सांगितलं, असं विचारायचं फार मनात होतं. "तुमच्याबद्दल काही बोलला नाही तो," मी न विचारताच ते म्हणाले. लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं चर्चमध्ये वाचतात आणि कोणाची हरकत असल्यास सांगा म्हणतात. तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी हे वाचलं आणि मामा उठून उभे राहिले. त्यांनी सगळ्या मंडळीवर सावकाश नजर फिरवली आणि परत बसले. आणखी कोणी उठतंय का ते त्यांना बघायचं होतं.

पुढे आमचं जमलं म्हणतात तसं जमलं. ते मला शेवटपर्यंत मास्तरच म्हणत. पडवीतली पहाट त्यांनी सोडली नाही, आणि तिथून उठल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर एक निवांतपणा असे. दुधात पाणी आहे का बघायला बोट घालू लागले की तो जाई. मला त्या निवांतपणाचा हेवा वाटे आणि थोडा संशयही. इतकी सुंदर प्रार्थना करणाऱ्या मला तो कधी लाभला नव्हता. या उन्हाळ्यात त्यांना धाप लागायला लागली, तेव्हा एकदा पाय दाबता दाबता मी धीर करून विचारलं, "मामा, आता तरी माझा भरवसा वाटतो का?"

"तुमचं अजून बघतोय," ते म्हणाले. मग आढ्याकडे बघून, "त्याचं मात्र पटलं मला."

ते गेल्यापासून माणसं येतात, सांत्वनाच्या प्रार्थना करतात. याकोबराव प्रभूजवळ सुखात आहेत, त्याबद्दल उपकार मान, असं करुणाला सांगतात. ती मान हलवते आणि चहा करायला उठते. परवा पहाटे जाग आली तर ती अंथरुणात नव्हती. मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसली होती. मी दाराशीच थांबलो.

"बाबा पोचले का तुझ्याकडे, एवढं कळव," ती म्हणत होती. "सगळे म्हणतात पोचले. तू सांग. मग मी आभार मानीन."

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. आमेन माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण ती अजून ऐकत होती.